थोरला, धाकटा आणि रिकामा चौकोन

१

कोंडाबाई गजभारे त्या शुक्रवारी घरून निघाल्या त्या आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवायला. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तीस वर्षं बिलोलीच्या ट्रेझरीत दुसऱ्यांचे कागद तपासलेल्या बाईला आता वर्षातून एकदा स्वतःचा अंगठा यंत्रावर टेकवून ‘आहे, अजून आहे’ असं सांगावं लागे, आणि त्यांना त्याचा भारी राग येई. पण नांदेडला वजिराबादेत ‘बसवेश्वर ऑनलाइन’ या दुकानात त्यांची भाची महामाया कामाला होती. त्यामुळे निदान रांगेत उभं राहावं लागत नसे.

दहाच्या सुमारास त्या दुकानाच्या पायरीवर आल्या आणि थबकल्या. आत आरडाओरडा नव्हता, रडारड नव्हती, पण काहीतरी बिनसलंय हे त्यांना लगेच कळलं. महामाया संगणकासमोर पांढरीफटक होऊन बसली होती. बाकावर अठरा-एकोणीस वर्षांची सडपातळ पोरगी, मांडीवर पिशवी घट्ट धरून. काउंटरमागे दुकानाचे मालक मल्लिकार्जुन शेटे. मूळचे उदगीरचे, आणि सगळा रस्ता त्यांना अप्पा म्हणे. ते कधी नव्हे ते उभे होते.

पोरीचं नाव मनिषा नरवाडे. इस्लापूरच्या पुढे जंगलात तिचं गाव, आणि सकाळच्या गाडीनं ती आली होती. तिला लातूरच्या नर्सिंग कॉलेजात पहिल्याच फेरीत जागा लागली होती. सोमवारी याच दुकानातून तिनं ती स्वीकारली. शनिवारी लातूरला हजर व्हायचं होतं, आज फक्त प्रवेशाचं पत्र छापून न्यायचं. महामायानं तिचं खातं उघडलं, तर पत्राच्या जागी एकच ओळ होती: उमेदवाराच्या विनंतीवरून प्रवेश रद्द.

‘‘मी कशाला रद्द करीन?’’ मनिषा म्हणाली. हे तिचं तिसऱ्यांदा म्हणून झालं होतं.

तिच्या गावात नर्स नाही. तिच्या वहिनीचं पहिलं बाळंतपण इस्लापूरच्या वाटेवर बैलगाडीतच झालं होतं, आणि बाळ राहिलं नव्हतं. मनिषा तेव्हा नववीत होती. नर्स व्हायचं तिनं त्या गाडीतच ठरवलं होतं. कोंडाबाईंना हे महामायानं हळू आवाजात सांगितलं, आणि त्यांचा हयातीचा दाखला त्यांच्या डोक्यातून साफ निघून गेला.

प्रवेशाचं काम बघणाऱ्या सुविधा केंद्रात फोन झाला होता. तिथल्या अधिकारी पार्वतम्मा बिरादार या शिस्तीच्या बाई. त्यांनी नोंदी बघून सांगितलं: गुरुवारी दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी जागा सोडली गेली, उमेदवाराच्याच पासवर्डनं, तिच्याच नंबरवर गेलेल्या ओटीपीनं, आणि तुमच्याच दुकानाच्या इंटरनेटवरून. आज पाचला रिकाम्या जागांची यादी वर जाईल. दुसऱ्या कोणी केलं असेल तर कोणी आणि कसं, ते पुराव्यासकट लेखी आणा. पाचनंतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीची.

अप्पांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मग महामायाकडे बघून ते म्हणाले, ‘‘काल मी उदगीरला होतो, पुतण्याच्या साखरपुड्यात. शरणप्पा जेवायला गेलता. एक वाजता दुकानात तुझ्याशिवाय कोण होतं, पोरी?’’

२

महामायानं कीबोर्ड दूर सारला. आरोपापेक्षा त्यातलं खरं तिला जास्त बोचलं होतं. दुकानात कामाला दोघंच, ती आणि शरणप्पा, आणि एक वाजता दुकानात तीच होती.

कोंडाबाईंनी खुर्ची ओढली. ‘‘अप्पा, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची घाई नको. पाच वाजायला सात तास हायत. आधी मला सांगा, या पोरीचा ओटीपी आला कुठं?’’

तो काउंटरवरच आला होता. या दुकानाची तशी रीतच होती. किनवटकडच्या जंगलातल्या गावांत मोबाइलला रेंज नसते. त्यामुळे तिकडच्या पोरांच्या अर्जावर दुकानाचाच नंबर टाकायचा, आणि तो फोन साखळीनं काउंटरला बांधून ठेवायचा. पोरांचे पासवर्ड विसरतात म्हणून तेही एका लांबट वहीत लिहिलेले, आणि वही त्याच फोनशेजारी. पोरांची सोय व्हावी म्हणून केलेलं. किल्ली कुलपालाच लटकवून ठेवण्यातली सोय!

कोंडाबाईंनी फोन पाहिला. गुरुवार, एक वाजून नऊ मिनिटं: ओटीपीचा संदेश होता, आणि तो वाचलेला होता.

‘‘तेव्हा तू काय करून राहिली होतीस?’’

‘‘झेरॉक्स काढून राहिले होते, आत्या. शेजारच्या दयानंदसरांच्या चाळीस पानांची. मशीन मागं हाय, दहा-बारा मिनिटं मी तिथंच होते. सर रोजच येतात, त्यांचं इंटरनेट दोन महिन्यांपासून बंद हाय, आपलंच वापरतात. शरणप्पा कधी परत आला ते मी नाही बघितलं.’’

म्हणजे झेरॉक्सच्या दहा मिनिटांत काउंटरकडे तिची पाठ होती. कोंडाबाईंनी मान हलवली आणि दोन कागद छापून मागितले: सोमवारी जागा स्वीकारल्याची पावती आणि गुरुवारी जागा सोडल्याची पावती.

महामायानं प्रवेशाच्या साइटच्या नावावर क्लिक केलं. समोरची खिडकी मिटली आणि शेजारी दुसरीच, जुनाट दिसणारी खिडकी उघडली. कोंडाबाईंच्या भुवया वर गेल्या. हा खेळ त्यांच्या ओळखीचा होता.

‘‘दोन ब्राउझर?’’

महामायाला एवढ्या सगळ्यात जरासं हसू आलं. दुकानात तिन्ही संगणकांवर दोन-दोन ब्राउझर होते. नवा होता तो थोरला, कारण काहीही उघडा, आधी तोच पुढे येई. जुना तो धाकटा. पण प्रवेशाची साइट थोरल्याला मानत नसे. त्यात सगळं नीट दिसे, अर्ज भरला जाई, फक्त पावती तयार होताना गोंधळ होई. जूनमध्ये पोरांच्या पावत्या केंद्रातून परत यायला लागल्या, तेव्हा महामायानं आठवडाभर डोकं लावून तिन्ही संगणकांना नियमच घालून दिला: ही साइट कोणीही, कुठूनही उघडली तरी ती धाकट्यातच उघडावी. नियम बदलायचा तर अप्पांचा पासवर्ड लागे, आणि तो अप्पा कुणालाच सांगत नसत. मोबाइलवर तर ही साइट उघडतच नसे. ‘संगणक वापरा’ म्हणून हाकलून देई.

कोंडाबाईंनी भाचीकडे कौतुकानं बघितलं. बिलोलीला बिलांची साइट अशीच जुन्याच ब्राउझरमध्ये उघडे. साहेब बदलत, सरकारं बदलत, पण त्या संगणकावरची ‘इथेच उघडा’ ही चिठ्ठी बारा वर्षं कोणी काढली नव्हती.

पावत्या छापून आल्या. पावती तयार झाली की तिची एक प्रत आपोआप संगणकात उतरते आणि एक साइटवर कायमची जमा होते, असं महामाया सांगत होती. कोंडाबाईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. त्यांना दुसऱ्या कागदावर काहीतरी खटकलं. पण काय ते ध्यानात येईना, आणि तेवढ्यात दारात शरणप्पा उभा राहिला. आत चाललेलं ऐकून तो वळला आणि झपाझपा रस्त्याला लागला.

३

कोंडाबाईंचे गुडघे दुखत, पण हाक खणखणीत होती. शरणप्पा कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी थांबला. देगलूरचा पंचविशीतला हा गडी दुकानात महामायाच्या बरोबरीनं काम करी.

कोंडाबाईंनी त्याला रागावून विचारलं नाही. आधी दोन चहा सांगितले. गरम चहा हातात असला की माणूस पळत नाही, हा ट्रेझरीतला अनुभव. मग त्यांनी काल जेवायला कुठं गेला होतास ते विचारलं. खानावळीत, तो म्हणाला. पावणेएकला गेलो, दीडला आलो. काय जेवलास? भाजी-भाकरी. भाजी कसली होती? तो चहावर फुंकर घालत बसला.

चहा अर्धा झाला तेव्हा त्यानं सांगून टाकलं. तो खानावळीत गेलाच नव्हता. त्याची चुलतबहीण मंजुश्री हिचंही नाव लातूरच्या त्याच कॉलेजच्या प्रतीक्षा यादीत होतं, सहाव्या नंबरवर. तिचं काही होईल का हे विचारायला तो सुविधा केंद्रात गेला होता आणि हे दुकानात कोणाला सांगितलं नव्हतं.

‘‘अप्पा म्हणतील, यानंच केलं,’’ तो म्हणाला. ‘‘माझी बहीण यादीत, मला पासवर्डची वही ठाऊक, मी दुकानातून गायब. कोण इमान ठेवील माझ्यावर?’’

खरं तर कोणीच ठेवलं नसतं. कोंडाबाईंनीही पूर्ण ठेवलं नाही. केंद्रातली गर्दी बघता तिथं हा होता की नव्हता हे शपथेवर सांगणारं कोणी मिळणार नव्हतं. पण एक गोष्ट त्यांनी मनात टिपून ठेवली: सहाव्या नंबरच्या पोरीला एक जागा रिकामी होऊन उपयोग काय? एक जागा सुटली तर फायदा पहिल्या नंबरचाच.

‘‘पहिला नंबर कोणाचा हाय, ठाऊक?’’

शरणप्पानं हातानंच वर दाखवलं. ‘‘ते काय, फ्लेक्सवर.’’

‘बसवेश्वर ऑनलाइन’च्या शेजारच्या दारावर नवंकोरं फ्लेक्स झळकत होतं. ‘दिशा मार्गदर्शन केंद्र. शंभर टक्के प्रवेश. आमचे यशवंत.’ खाली अठ्ठेचाळीस पोरापोरींचे फोटो, आणि शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या पोरीखाली लिहिलेलं: लातूर नर्सिंग कॉलेज, निवड.

‘‘हे कधी लागलं?’’

‘‘काल संध्याकाळी,’’ शरणप्पा म्हणाला.

४

‘दिशा’ चालवणारे दयानंदसर मूळचे लातूरचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि बोलणं साखरेच्या पाकातलं. पालकांना ते पहिल्या भेटीतच सांगत की तुमचं पोर आता माझं पोर. कोंडाबाईंनाही त्यांनी उठून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घडल्या प्रकाराबद्दल मनापासून हळहळले.

मी काल तिथंच होतो, हे त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. झेरॉक्स द्यायला गेलो, लॅपटॉप बरोबर होता, दहा मिनिटं काउंटरच्या स्टुलावर बसून ईमेल बघितले. मध्ये कोणी आलं का? त्यांनी आठवल्यासारखं केलं. शरणप्पा दारातून डोकावल्यासारखा वाटला, पण नक्की सांगता येणार नाही, उगाच कोणावर आळ नको. असं म्हणत त्यांनी तो अलगद ठेवूनही दिला.

फ्लेक्सबद्दल विचारल्यावर ते हसले. ‘‘आमचा अंदाज पक्का असतो, मॅडम. दुसऱ्या फेरीत ती मुलगी लागणारच.’’

त्यांच्या टेबलावर विद्यार्थ्यांच्या फायलींचा ढीग होता. कागद दिसला की वाचायचा, ही कोंडाबाईंची खोड. त्यांनी वरची फाइल उघडली. प्रवेशाची पावती, उजव्या कोपऱ्यात फोटो. खालची उघडली, तीही तशीच. शेजारी डिंकाची बाटली, झाकण उघडं, तिच्याभोवती माश्या.

जाता जाता त्यांनी सहज म्हणावं तसं म्हटलं, ‘‘मनिषाच्या रद्दच्या पावतीवर फोटोच्या जागी नुसता रिकामा चौकोन आलाय. केंद्रात चालेल का हो तसलं?’’

‘‘रिकामाच येतो, मॅडम. सरकारी साइट, दुसरं काय? आमच्या सगळ्या पोरांचा तसाच येतो. डिंकानं फोटो चिकटवायचा, वर सही मारायची, झालं.’’

कोंडाबाई दोन पावलं चालल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. मघाशी खटकलेलं काय होतं ते त्यांना आता कळलं होतं.

५

दुकानात येऊन त्यांनी दोन्ही पावत्या पुन्हा समोर घेतल्या. सोमवारच्या पावतीवर मनिषाचा फोटो होता. दोन वेण्या, टक लावून बघणारे डोळे. गुरुवारच्या पावतीवर सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त फोटोच्या जागी रिकामा चौकोन.

‘‘माया, जूनमधल्या पावत्या परत का येत होत्या?’’

‘‘फोटो येत नव्हता म्हणून, आत्या. थोरल्यात पावती तयार झाली की फोटो गळतो. धाकट्यात येतो.’’

‘‘मग आज तू हा कागद धाकट्यातून छापलास, तरी फोटो का न्हाई?’’

महामाया सांगायला लागली आणि सांगता सांगता थांबली. पावती एकदा तयार झाली की ती तशीच साइटवर राहते. नंतर कुठूनही छापा, बदलत नाही. फोटो नाही, याचा अर्थ पावती तयार होतानाच तो गळला. म्हणजे जागा सोडली गेली ती थोरल्या ब्राउझरमधून.

‘‘पण आपल्या संगणकांवर ती साइट थोरल्यात उघडतच न्हाई,’’ महामाया हळूच म्हणाली.

कोंडाबाईंनी स्वतः तिन्ही संगणकांवर बसून बघितलं. पत्ता टाकून बघितला, जुन्या ईमेलमधल्या दुव्यावर टिचकी मारून बघितली. दर वेळी थोरला मिटे आणि धाकटा पुढे येई.

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि मनिषाकडे बघितलं. पोरगी सकाळपासून जागची हलली नव्हती. पिशवीतला भाकरीचा डबा तिनं उघडलाही नव्हता.

‘‘जेवून घे,’’ कोंडाबाई म्हणाल्या. ‘‘उद्या लातूरला उपाशी जाशील का?’’

मग त्यांनी अप्पांना सांगितलं की अडीच वाजता सगळ्यांना दुकानात बोलवा, दयानंदसरांनाही. आणि त्यांना म्हणावं, येताना लॅपटॉप आणा, आमचा प्रिंटर बिघडलाय.

६

अडीचला शटर अर्धं खाली ओढलं. अप्पा काउंटरमागे, शरणप्पा भिंतीला टेकून, महामाया तिच्या खुर्चीत, दयानंदसर स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप. मनिषा बाकावर, पण आता ताठ बसलेली.

कोंडाबाईंनी उभ्यानंच सुरुवात केली. ट्रेझरीत त्या बिल नामंजूर करताना असंच बोलत. आवाज चढवायचा नाही आणि कागद हातातून सोडायचा नाही.

‘‘ही रद्दची पावती. हिच्यावर फोटो न्हाई, म्हणून ती थोरल्यात तयार झाली. या दुकानातल्या तिन्ही संगणकांवर थोरल्यात ही साइट उघडत न्हाई. नियम काढायचा तर अप्पांचा पासवर्ड लागतो, आणि अप्पा उदगीरला साखरपुड्यात जिलेबी खाऊन राहिले होते. मोबाइलवर साइट चालत न्हाई. मग माया का शरणप्पा, कोणी केलं असेल?’’

‘‘कोणीच न्हाई,’’ शरणप्पा म्हणाला, आणि तसं म्हणताना त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरल्याचं सगळ्यांनी बघितलं.

‘‘हाव. केलं ते बाहेरच्या यंत्रावरून, पण आपल्या इंटरनेटवरून. आणि केलं अशा माणसानं, ज्याला धाकट्याची गरजच ठाऊक न्हाई. ज्याला वाटतं, सरकारी पावतीवर चौकोन रिकामाच येतो.’’ त्यांनी दयानंदांकडे बघितलं. ‘‘ज्याच्या टेबलावर डिंकाची बाटली असते.’’

दयानंदसर हसले. हसू चांगलं जमलं होतं. फोटो न येणं हा काय गुन्हा झाला, असं त्यांनी विचारलं. नांदेडात शेकडो लोकांच्या पावत्या तशा असतील.

‘‘असतील. पण गुरुवारी एक वाजता ओटीपीच्या फोनशेजारी, पासवर्डच्या वहीशेजारी, आपल्या इंटरनेटवर लॅपटॉप लावून एकच माणूस बसला होता. तुमीच सांगितलं मला. आणि मायाला चाळीस पानांच्या झेरॉक्सला लावलं तेही तुमीच. रिकाम्या जागांची यादी निघायचीय आज पाचला, सर. त्या कॉलेजात जागा सुटली हे केंद्रालाही आज सांगावं लागलं. तुमचं फ्लेक्स काल संध्याकाळीच कसं छापून आलं?’’

आता हसू गेलं. अप्पा काउंटरमागून बाहेर आले. दयानंदसर उठले, आणि मग त्यांनी ते केलं जे अति हुशार माणूसच करतो. लॅपटॉप उघडून त्यांनी सगळ्यांसमोर फिरवला.

‘‘घ्या. बघा. माझी हिस्ट्री बघा, त्या साइटवर मी काल गेलो असलो तर दाखवा. न सापडल्यास मी तुमच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावणार, मॅडम.’’

महामायानं बघितलं. गुरुवारची हिस्ट्री कोरी होती. एकही ओळ नाही. अप्पांचा चेहरा उतरला आणि मनिषाचे हात पुन्हा पिशवीवर गेले.

कोंडाबाई मात्र लॅपटॉपवर वाकल्या. ‘‘काल इथं बसून ईमेल बघितले म्हणालात ना, सर? मग ते कुठं गेले? अख्खा दिवसच पुसलात.’’ मग त्या भाचीकडे वळल्या. ‘‘माया, पावती तयार झाली की काय होतं म्हणालीस तू?’’

‘‘आपोआप संगणकात उतरते, आत्या. डाउनलोड्समध्ये.’’

‘‘आणि हिस्ट्री पुसली तर तीपण पुसते?’’

‘‘न्हाई. ती तिथंच राहते.’’

दयानंदसरांचा हात लॅपटॉपकडे झेपावला, पण अप्पांचा आधीच त्यावर पडला होता. अप्पांनी तरुणपणी उदगीरच्या तालमीत घालवलेली वर्षं आज कामी आली. महामायानं डाउनलोड्स उघडलं. पावत्यांमागून पावत्या, सगळ्यांच्या नावात अर्जाचे नंबर. गुरुवारची एकच होती, एक वाजून बारा मिनिटांची.

‘‘मनिषा, इकडं ये,’’ कोंडाबाई म्हणाल्या. ‘‘नंबर वाच.’’

मनिषा उठली. पडद्याजवळ जाऊन तिनं बारा आकडे एक-एक करून वाचले. शेवटचे चार तिनं पडद्याकडे न बघताच म्हटले. मग ती वळली आणि दयानंदसरांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, ‘‘हा माझा नंबर हाय, सर. मला पाठ हाय.’’

महामायानं ती पावती उघडली. वर मनिषाचं नाव, खाली तारीख, आणि उजव्या कोपऱ्यात रिकामा चौकोन.

७

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, दयानंदसरांचा तर चौकोनही रिकामा निघाला. पोलीस स्टेशन की केंद्र, असं अप्पांनी विचारल्यावर त्यांनी मुकाट्यानं कागद घेतला आणि सगळं लिहून दिलं. शंभर टक्के प्रवेशाची हमी त्यांनी पालकांना लेखी दिली होती, अठ्ठेचाळिसातली एकच मुलगी राहत होती, आणि तिच्यापुढे मनिषाचं नाव होतं. मनिषा जंगलातली, तिच्याजवळ फोनही नाही, ती काय करणार, असं त्यांना वाटलं होतं. हे वाक्य कोंडाबाईंनी त्यांना मुद्दाम पूर्ण लिहायला लावलं आणि खाली सही घेतली.

त्या फ्लेक्सवरच्या पोरीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि कोंडाबाईंनी तिचं नाव कागदावर येऊ दिलं नाही.

साडेतीनला दोन ऑटो केंद्रावर पोचले. पार्वतम्मा बिरादारांनी जबाब वाचला, लॅपटॉपवरची पावती बघितली आणि आपल्या नोंदी उघडल्या. त्या नोंदीत ब्राउझरचंही नाव होतं, आणि ते थोरल्याचंच होतं. सकाळी हे का बघितलं नाही, असं अप्पांनी जरा कुरकुरून विचारलं. सकाळी मला कोणी विचारलं का, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी वर फोन केला, जबाब पाठवला, आणि दयानंदांना तिथंच बसवून ठेवलं, कारण वरच्या साहेबांना त्यांच्याशी बोलायचं होतं.

चार वाजून बावीस मिनिटांनी त्यांनी पडदा मनिषाकडे वळवला. प्रवेश कायम. मनिषा ते वाचत राहिली, आणि मग सकाळपासून अडवलेलं रडू तिला एकदम आलं. महामायालाही आलं. पार्वतम्माबाई दोघींना पाण्याचा ग्लास देऊन उगीचच कपाटात काहीतरी शोधायला लागल्या.

दुकानावर परत आले तेव्हा शेजारच्या दारावर शिडी लावून दोन माणसं फ्लेक्स उतरवत होती. फोटो दिलेल्या पोरांचे पालक खाली जमले होते आणि त्यांचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता. शरणप्पानं शिडी धरायला आनंदानं मदत केली.

महामायानं धाकटा उघडला. अप्पा तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. सकाळी तोंडातून वाईट शब्द गेला, पोरी, असं ते म्हणाले, आणि आजपासून ती वही तिजोरीत आणि फोन महामायाच्या पर्समध्ये, हेही त्यांनी लगोलग जाहीर केलं. प्रिंटर कुरकुरला. कागद सरकत सरकत बाहेर आला: कॉलेजचं नाव, मनिषाचं नाव, आणि उजव्या कोपऱ्यात दोन वेण्या, टक लावून बघणारे डोळे. मनिषानं त्या चौकोनावरून बोट फिरवलं. शाई अजून ओली होती.

‘‘आत्या,’’ महामाया एकदम म्हणाली, ‘‘तुमचा दाखला राहिला की.’’

कोंडाबाई खुर्चीत बसल्या आणि अंगठा यंत्रावर टेकवला. यंत्र लाल झालं. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. तीस वर्षं कागद उलटून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या होत्या. तिसऱ्यांदाही ओळख पटली नाही.

‘‘बघा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सगळ्यांचं निस्तरलं, आणि मी अजून सरकारदरबारी जिवंत न्हाई.’’

मनिषानं पत्र जपून पिशवीत ठेवलं. मग पुढे होऊन तिनं कोंडाबाईंचं मनगट हातात घेतलं, दोन बोटं नेमक्या जागी ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं.

‘‘तुमी जिवंत हाव, आजी,’’ ती म्हणाली. ‘‘लई जोरात हाव. यंत्राला म्हणावं, नर्सनं सांगितलंय.’’